बिडाची भेग

आमच्या घरी एक जुनी जीपगाडी आहे. वडिलांनी ती सरकारी लिलावात घेतली, तेव्हाच ती बरीच राबलेली होती. नमुना सी-जे थ्री-बी. अमेरिकेत विलीज कंपनीने तो १९५३ साली बाजारात आणला आणि १९६८ पर्यंत तो तिकडे बनत होता. आपल्याकडे महिंद्रांनी त्यानंतरही कित्येक वर्षे ही गाडी बनविली. त्यामुळे श्रोतेहो, आपण इंदुरास असा, बडोद्यास असा, की देहरादूनला, हे उंच कपाळाचे आणि बसक्या अंगाचे वाहन आपल्या पाहण्यात आलेच असेल.

ते कपाळ उंच का, याला कारण आहे. या इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा वर, हेडमध्ये, बसविल्या आहेत, तर धूर बाहेर टाकणाऱ्या खाली ब्लॉकात ठेवल्या आहेत. या रचनेमुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते मावावे म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. धुराची तोंडे ब्लॉकच्या कुशीला उघडतात. चारही सिलिंडरांचा धूर एकत्र करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा, बिडाचा ओतलेला जो पोकळ तुकडा तेथे बसविलेला असतो, त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. या तुकड्याला गेलेल्या एका भेगेविषयी मी बोलणार आहे. विषय बोटभर लांबीचा आहे खरा. पण त्या भेगेने माझ्या घरातली दोन माणसे संकटात घातली होती.

२०१७ सालच्या पावसाळ्यात आम्ही वैभववाडीहून करूळ घाटाने गगनबावड्यास येत होतो. मागच्या बाजूस आई आणि भाचा बसले होते. पाऊस आडवा लागत होता, म्हणून कापडी पडदे चहूबाजूंनी आवळून बांधले होते. अर्ध्या घाटात भाच्याला ओकारी आली. आई म्हणाली, "कपाळ नुसतं ठणकतंय रे माझं." घाटात गाडी लागायचीच, असे म्हणून मी आलेपाकाची वडी मागे दिली आणि खालच्या गिअरमध्ये गाडी रेटीत राहिलो. माथ्यावर चहासाठी उतरलो, पडदे सोडले, आणि घटकाभराने दोघांनाही हुशारी वाटू लागली. तेवढ्यावरून मला काही उमजावयास हवे होते. उमजले नाही.

त्याआधी दोन महिने सकाळी गाडी सुरू केली की टक् टक् असा आवाज येत असे. इंजिन तापले की तो थांबे. झडपा सैल झाल्या असतील, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. वास्तविक हेच या भेगेचे मुख्य लक्षण. बीड थंड असताना भेग उघडी असते, तापून फुगले की तिचे ओठ मिटतात, आणि आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला असे आपण धरून चालतो. घाटात इंजिनावर भार पडला, धुराचा दाब वाढला, तेव्हा मिटलेल्या ओठांतूनही तो बाहेर पडत होता आणि फळीच्या फटींतून, गिअरच्या दांड्याभोवतीच्या मोकळ्या जागेतून आत शिरत होता. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन आणि गंधहीन असतो. धुराला वास येतो तो इतर पदार्थांचा. रक्तातील हिमोग्लोबिनाला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके ठणकणे, मळमळणे, ही त्याची पहिली सूचना होय. डॉक्टरांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी विसरलेलो नाही.

भेग शोधावयाची रीत जुनी आणि स्वस्त आहे. संशय येईल तेथली काजळी तारेच्या ब्रशाने घासून काढावी, रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्यावे, कोरडे पुसावे आणि वर खडूची पूड फासावी. भेगेत शिरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्यावर ओली काळसर रेघ उमटते. माझी रेघ शेवटच्या सिलिंडरच्या वळणावर उमटली.

मॅनिफोल्ड उतरविण्यातच चार दिवस गेले. वर्षानुवर्षे तापून निवलेले नट स्टडांशी जवळजवळ एकजीव झालेले असतात. तीन दिवस संध्याकाळी पातळ तेल सोडीत होतो. चौथ्या दिवशी नट तापवून आधी किंचित आवळला, मग सैल केला. असे करीत एकेक सुटला. घाईने एक स्टड मोडला, आणि त्याच्या मधोमध भोक पाडून तो उकरून काढण्यात अख्खी दुपार गेली.

कोल्हापूर हे ओतकामाचे गाव आहे. तेथल्या उद्यमनगरात बिडाशी आयुष्यभर झटलेली माणसे भेटतात. त्यांच्यापैकी एका वृद्ध मिस्त्रींकडे मी तो तुकडा नेला. त्यांनी तो दोरीला टांगला आणि मडके पारखावे तसे लहान हातोडीने त्यावर ठिकठिकाणी टिचक्या मारल्या. भेगेपाशी आवाज बद्द आला, बाकी अंग खणखणीत वाजले. संबंध तुकडाच बद्द वाजला असता, तर त्यांनी काम घेतले नसते. कारण वारंवार लाल होणाऱ्या बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्यांवाटे प्राणवायू खोल शिरतो, लोखंड आतून जळते, आणि जळक्या बिडावर झाळकाम टिकत नाही.

मग ते म्हणाले, "भेग भरतो मी, सायब. पण ही पडली कशापायी, ते बघितलासा का?"

मी गप्प राहिलो. वर्षभरापूर्वी पॅकिंग मीच बदलले होते, आणि धूर गळू नये म्हणून कडेचे नट पान्याला नळी लावून आवळले होते. अर्धा मीटर लांबीचे बीड पाचशे अंशांनी तापले की सुमारे तीन मिलिमीटर वाढते. ब्लॉक पाण्याने थंड राखलेला, म्हणून तो तेवढा वाढत नाही. हा फरक सामावून घ्यावयास मॅनिफोल्डची टोके किंचित सरकावी लागतात. मी ती जखडून टाकली होती. शिवाय सायलेन्सरच्या नळीचा आधार तुटलेला होता. नळीचे सगळे वजन आणि हिसके याच तुकड्यावर येत होते. "लोखंडाला बी अंग पसराय जागा लागती," मिस्त्री म्हणाले, आणि कामाला लागले.

भेगेच्या दोन्ही टोकांना त्यांनी प्रथम तीन-तीन मिलिमीटरची भोके पाडली. टोक गोल झाले की ताण एका बिंदूवर साचत नाही आणि भेगेची वाट खुंटते. मग भेग कोरून तिला पन्हाळीसारखा आकार दिला. तुकडा वाकू नये म्हणून जाड पोलादी पट्टीवर सैलसर बांधला आणि कोळशाच्या भट्टीत मंद लाली येईपर्यंत चहूकडून सारखा तापविला. नुसती भेगच तापविली असती, तर निवताना बाजूला दुसरी पडली असती. टाकणखार भुरभुरून, बिडाचीच कांडी वितळवून त्यांनी पन्हाळ भरली. मी पितळी डाखाविषयी विचारले. पाण्याच्या पंपाला तो चालतो, असे ते म्हणाले. पण येथे धुराच्या आचेने पितळ मऊ पडते. भट्टीशिवाय करावयाचे तर निकेलच्या कांडीने विजेचे वेल्डिंग करतात, तेही इंच-इंच घालून, प्रत्येक तुकड्यावर हातोडीने हलके ठोकून, आणि हात लावता येईपर्यंत थांबून.

त्यानंतर त्यांनी तो लाल तुकडा कोरड्या चुन्यात पुरला आणि मला घरी जावयास सांगितले. रात्रभर तो निवत होता. मला वाटते, सगळ्या कामातला अवघड भाग हाच. कारण त्यात करण्यासारखे काही नसते.

दुसऱ्या दिवशी बसण्याची कड कानशीने एका पातळीत आणली, कडेच्या भोकांत साचलेला गंज काढून ती मोकळी केली, नवे पॅकिंग घातले. या वेळी नट मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत, साध्या पान्याने आवळले. इंजिन एकदा तापून निवल्यावर पुन्हा एकदा पाहिले. नळीला नवा आधार दिला. रबरी नळीचे एक टोक कानाला लावून दुसरे झाळलेल्या जागेवरून फिरविले. काही ऐकू आले नाही.

त्या दसऱ्याला आई पुन्हा मागे बसली. घाटात पाऊस नव्हता, तरी तिने विचारले, "पडदे बांधायचे का?" मी म्हटले, "नको, आई. एक बाजू उघडीच राहू दे."