खाटेजवळचं माणूस



परिचारिकांच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचा मान अतिदक्षता विभागात उभ्या असलेल्या प्रत्येकाचा आहे, असं समजून मी तो स्वीकारते. वेळ थोडा आहे, म्हणून एकच गोष्ट मांडते. अत्यवस्थ रुग्णासाठी आपण लाखोंची यंत्रं आणतो. पण ती काय सांगताहेत हे ओळखणारं जाणतं माणूस खाटेजवळ नसेल, तर त्या यंत्रांचा रुग्णाला फारसा उपयोग नाही.

अतिदक्षता शाखेची सुरुवातच माणसांच्या बळावर झाली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या सगळ्यांना पुरतील एवढी यंत्रं तिथे नव्हती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी मार्ग काढला: गळ्यातून श्वासनलिकेत नळी बसवायची आणि रबरी पिशवी हातानं दाबून श्वास द्यायचा. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. रुग्णाजवळ सतत एक जागं माणूस हवं, हे तिथे सिद्ध झालं.

आता आपल्या विभागात या. रात्रीचे दोन वाजलेत. मॉनिटरवर रक्तदाब ठीक दिसतोय. पण मघाशी नीट बोलणारे आजोबा आता चादर ओढताहेत, सलाईन उपटू पाहताहेत. श्वास मिनिटाला १८वरून २८वर गेलाय. सिस्टर तळपायाला हात लावते, तर गार. युरोबॅग पाहते: आधीच्या तासाला ४० मिली, या तासाला १५. म्हातारपणी होतं असं, म्हणून ती सोडून देत नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवते आणि सगळं नेमकं सांगते. जंतुसंसर्ग शरीरभर पसरू लागला, की अनेकदा रक्तदाब ढासळण्याआधीच अशा खुणा दिसतात. त्या वेळीच ओळखल्या, तर मूत्रपिंडं वाचतात, कित्येकदा जीव वाचतो.

दुसरं काम तर कुणाला दिसतही नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा डोक्याकडचा भाग ३० ते ४५ अंश उंच ठेवायचा, तोंड स्वच्छ करायचं, गरज पाहून सक्शन करायचं. कूस बदलताना ब्रदर खांदा धरतात, मावशी पाय धरतात, आणि सिस्टर एका हातानं नळी सांभाळत दुसऱ्या हातानं माकडहाडाजवळची लाली तपासते. यात हयगय झाली, तर न्यूमोनिया गाठू शकतो, पाठीला जखम होते. नीट झालं तर वाईट काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचं श्रेय कुणी देत नाही.

एकदा मात्र ते सर्वोच्च न्यायालयानं दिलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यापासून २०१५मधल्या मृत्यूपर्यंत तिथल्याच परिचारिकांच्या हाती होत्या. पिढ्या बदलल्या, सेवा थांबली नाही. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांना एकही बेडसोर झाला नाही, याची नोंद २०११च्या निकालपत्रात आहे. न्यायालयानं या सेवेचा मनापासून गौरव केला.

गौरव झाला, आता व्यवस्था हवी. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे दर पाळीत एक परिचारिका, हा निकष आपल्याकडे मान्य आहे. तरीही कित्येक ठिकाणी एकीच्या वाट्याला तीन-चार रुग्ण असतात आणि वर इंडेंट, बिलं, विम्याचे कागद. आजोबांचे गार पाय तिच्या हाताला लागणार कधी?

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. कागदपत्रांसाठी वेगळा कर्मचारी द्या. सकाळच्या राऊंडला रात्रीची स्थिती आधी सिस्टरला मांडू द्या. तासातासाला रुग्ण तिनं पाहिलेला असतो. अतिदक्षतेत तयार झालेल्या परिचारिकेला सरसकट बदलीच्या यादीत टाकू नका. क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेनं आखला आहे. आणि तो करणाऱ्यांसाठी त्याच नावाची पदं आणि त्याला साजेसं वेतन निर्माण करा.

तरुण मुलामुलींना एवढंच सांगते: बेशुद्ध रुग्णालाही नावानं हाक मारा, सुई टोचण्याआधी सांगा. त्यांना ऐकू येतंय असं धरूनच बोला. शुद्धीवर असलेल्यांना चष्मा द्या, श्रवणयंत्र लावा, आज वार कोणता ते सांगा. भ्रम टाळायला याची मदत होते. आणि शंका आली तर डॉक्टरांना उठवायला कचरू नका.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एका परिचारिकेचा ठराव पहिला घ्यावा, अशी अध्यक्ष म्हणून माझी विनंती आहे. तो मंजूर करून आपल्याला थांबायचं नाही. प्रत्येक जिल्ह्यातून आलेल्या प्रतिनिधींनी आपापल्या रुग्णालयातली रुग्णांची आणि परिचारिकांची पाळीनिहाय संख्या लिहून आणावी. ती घेऊन आपण सगळे मिळून शासनाकडे जाऊ.