सामाईक कपाटाच्या किल्ल्या

पेडणे वा डिचोली तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेचे कार्यालय डोळ्यांपुढे आणा. हजेरी, शुल्काचा हिशेब, दहावीचे अंतर्गत गुण, सारे एका संगणकाच्या पोटात असते आणि बाकीचे संगणक तारेवाटे ते मागून घेतात. हा भांडारी म्हणजे सर्व्हर. पुष्कळ ठिकाणी तो विंडोजवर चालतो. परंतु त्याच्या २०१२च्या आवृत्तीस मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबली. नवी घ्यावी तर सर्व्हरचा परवाना वेगळा व वापरणारांचे वेगळे.

युनिक्स १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मास आले. त्याच वळणाचे लिनक्स विनामूल्य मिळते. गोव्यास ते परके नाही. २००० सालच्या सुमारास परदेशस्थ गोमंतकीयांच्या साहाय्याने शाळांना जुने संगणक मिळाले, तेव्हा लिनक्सच कामी आले होते. शिवाय ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी आरंभिलेल्या ‘साम्बा’मुळे लिनक्सचा सर्व्हर विंडोजचीच भाषा बोलतो. शिक्षकांचे संगणक बदलावे लागत नाहीत.

खरी मेख आहे ती अधिकारांची. युनिक्स प्रत्येक फाईलीविषयी तीनच पक्ष ओळखते: धनी, त्याचा गट आणि इतर. प्रत्येकास वाचणे, लिहिणे व चालविणे अशा मुभा. फोल्डराच्या बाबतीत ‘चालविणे’ म्हणजे आत पाऊल टाकणे. कुळागरातून वाट असणे निराळे आणि तेथील पोफळी उपटण्याचा हक्क निराळा! पण जाणत्यांसही चकविणारी गोष्ट पुढेच आहे. फाईल पुसण्याचा अधिकार फाईलीवर नसतो. ती ज्या फोल्डरात असते त्याच्यावर असतो. गुणपत्रक इतरांस केवळ वाचण्यापुरते ठेवले, पण फोल्डर सर्वांस लिहिण्यास खुला राहिला, तर एखादा खोडकर विद्यार्थीही ते नाहीसे करू शकतो. म्हणून शिक्षकांचा गट करून गुणांच्या फोल्डरास ३७७० हा अंक द्यावा. तीनातील दोनामुळे नवी फाईल आपोआप त्या गटाच्या नावे लागते. उरलेला एक ही ‘चिकट’ खूण, तिच्यामुळे फाईलीचा वा फोल्डराचा धनीच ती पुसू शकतो. सातांनी धनी व गट यांस पूर्ण मुभा, शून्याने इतरांस दार बंद.

विंडोजमध्ये एकेकास स्वतंत्र परवानगी वा मनाई लिहिता येते. सोय मोठी, परंतु पाच वर्षांनी कोणास काय दिले हे कोणासच आठवत नाही, निवृत्त लिपिकाचे नावही तसेच राहते. म्हणून बदलाआधी कोणास काय हवे हे कागदावर लिहून काढावे. जुना सर्व्हर इंटरनेटपासून तोडून एक परीक्षा पार पडेपर्यंत केवळ वाचण्यापुरता ठेवावा आणि नव्याची प्रत रोज बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या खोलीतील कपाटात ठेवावी.