हिऱ्यातील दोष : सूक्ष्म मापनाचे नवे साधन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इंदिरानगर, बंगळूर येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सव म्हटला की सोन्याचा विषय ओघानेच येतो. परंतु आम्ही आज हिऱ्याविषयी बोलणार आहोत. जवाहीर ज्या दोषामुळे हिऱ्याची किंमत कमी करील, तसाच एक दोष शास्त्रज्ञ त्यात मुद्दाम निर्माण करतात व त्याच्याकडून अतिसूक्ष्म मापनाचे काम करून घेतात. त्याची ही हकीगत आहे.

एम.आर.आय. तपासणी आज सर्वांना परिचित आहे. तिच्या मुळाशी असलेल्या तत्त्वाला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. हायड्रोजनाचे अणुकेंद्र इवल्याशा चुंबकासारखे असते. चुंबकीय क्षेत्रात ते भोवऱ्याप्रमाणे डोलते आणि त्या डोलण्याच्या गतीत शेजारच्या अणूंमुळे किंचित फरक पडतो. या फरकावरून रेणूची घडण वाचता येते. १९५१ साली अमेरिकेत आर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी अल्कोहोलातील हायड्रोजनाची तीन निरनिराळी शिखरे दाखवून दिली. यांतील धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शास्त्राचा पाया घातला. त्याच १९५१ साली आपल्या या शहरातील भारतीय विज्ञान संस्थेतून जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवांतील अनुस्पंदनावर निबंध प्रसिद्ध केला. या शास्त्राच्या बाल्यावस्थेतच भारतीय हात त्याला लागले होते, हे आपण विसरू नये.

या पद्धतीची उणीव एकच, आणि ती मोठी आहे. तिचा संकेत फार क्षीण असतो. पावणेबारा टेस्लाच्या प्रबळ चुंबकातही दर दहा लाख अणुकेंद्रांमागे जेमतेम चाळिसांचे आधिक्य हाती लागते. बाकीची एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. त्यामुळे द्रव हेलियमने थंड ठेवलेले अवजड चुंबक लागतात आणि नमुनाही साधारण अर्धा मिलिलीटर लागतो. जेथे मोजक्या पेशीच उपलब्ध असतात, तेथे हे यंत्र मुके होते.

येथे हिरा मदतीस येतो. कार्बनच्या जाळीत एका अणूच्या जागी नायट्रोजन बसवावा आणि त्याच्या लगतची जागा रिकामी ठेवावी. त्या पोकळीतील इलेक्ट्रॉनांचे परिवलन हाच आपला पुंज-संवेदक होय. हिरवा प्रकाश टाकला की तो तांबडा उजळतो, आणि उजळण्याच्या तेजावरून परिवलनाची अवस्था कळते. २.८७ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरींनी ही अवस्था पालटता येते. आपल्या शेजारच्या सी. व्ही. रामन नगरात रडारवर काम करणाऱ्या मंडळींना हा लहरपट्टा चांगलाच ओळखीचा असेल. या लहरींचे ठोके अणुकेंद्राच्या डोलण्याशी जुळवून घेतले, की हिऱ्यालगतच्या रेणूंचा चुंबकीय स्पर्श त्या प्रकाशात उमटतो. विशेष म्हणजे हा संवेदक खोलीच्या तापमानावरही काम करतो.

२०१३ साली स्टुटगार्ट आणि आय.बी.एम. येथील संशोधकांनी काही नॅनोमीटर लांबी-रुंदीच्या जागेतील हायड्रोजनाचा संकेत टिपला. २०१८ साली हार्वर्ड येथील गटाने सुमारे दहा पिकोलीटर द्रवातून हर्ट्झच्या जवळपास भेदनक्षमता मिळविली. हे घनफळ नेहमीच्या नमुन्याच्या पाच कोटींश आहे. येथे थोडी सबुरी हवी. असे उत्तम निकाल मुख्यतः शुद्ध वा तीव्र द्रवांवर मिळाले आहेत. जिवंत पेशीतील विरळ द्रव्यांचा वर्णपट घेणे अद्याप कठीण आहे. उद्या दवाखान्यात हे यंत्र येईल, असे सांगणे म्हणजे रुग्णाची फसवणूक होईल.

बंगळूरचे आणि हिऱ्याचे नाते मात्र जुने आहे. १९४० च्या दशकात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी याच शहरात हिऱ्याच्या रचनेचा आणि दीप्तीचा चिकाटीने अभ्यास केला. आज ती परंपरा पुढे नेण्याची संधी आली आहे. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय पुंज अभियानास ६,००३ कोटी रुपयांहून अधिक रकमेची मंजुरी दिली. त्यात पुंज-संगणनाचे केंद्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे, तर संवेदन व मापनाचे केंद्र पवईच्या आय.आय.टी.कडे आले. २०२४ साली याच पवईच्या संस्थेने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसबरोबर हिऱ्यावर आधारित चुंबकीय प्रतिमायंत्राचे काम जाहीर केले. आपली कर्मभूमी आणि आपली मायभूमी या कार्यात भागीदार झाल्या, ही आम्हांला मोठी समाधानाची गोष्ट वाटते.

प्रश्न उरतो तो आपला. आरंभी आपली माणसे या शास्त्रात होती. तरी मोठी वर्णपटयंत्रे आपण बहुतेक परदेशांतूनच पेट्यांतून आणवली. ज्ञान होते, पण यंत्र घडविण्याची जिद्द व सोय अपुरी पडली. नव्या साधनांच्या बाबतीत पुन्हा तसेच व्हावे काय? आपल्या घरांतील हुशार मुले या शहरात संगणकाकडे वळतात, आणि त्यात काही गैर नाही. परंतु काहींनी तरी लेसर जुळवावेत, सूक्ष्मलहरींची मंडले बांधावीत, हिऱ्याचे पातळ पापुद्रे घासावेत. अशा कामाला वेळ लागतो, पगार बेताचा मिळतो आणि कौतुक उशिरा होते. अशा मुलांच्या पाठीशी उभे राहणे, त्यांच्या उशिराच्या यशाची वाट पाहण्याची तयारी ठेवणे, हे पालकांनी करावे आणि मंडळानेही करावे. पन्नास वर्षे भाषेची ज्योत जपणाऱ्या संस्थेला हे अवघड नाही.