फवारणीची तारीख आणि सारवणाची तारीख
(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



हिवतापाविरुद्ध आपल्या देशाने १९५३ मध्ये राष्ट्रीय मोहीम उभारली. तत्पूर्वी वर्षाकाठी सुमारे ७.५ कोटी लोकांना हा ताप येत असे. १९६५ पर्यंत ही संख्या १ लाखाच्या आसपास उतरली आणि १९७६ मध्ये पुन्हा ६४ लाखांवर गेली. डास औषधाला दाद देईनासे झाले, हे खरे. पण यशानंतर आपण सारे निर्धास्त झालो, हेही तितकेच खरे.

मेळघाटातील कुडामातीच्या भिंतीचेच पाहा. रक्त पिऊन डास भिंतीवर विसावतो आणि तेथील फवाऱ्याच्या औषधाने मरतो. हे औषध काही आठवडे टिकावे अशी अपेक्षा असते. परंतु पथक गेले की आठ दिवसांत सण येतो, गृहिणी भिंत शेणामातीने सारवते आणि औषध सारवणाखाली गाडले जाते. दोष तिचा नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते! फवारणीची तारीख कचेरीत ठरते, सारवणाची घरात. आधी सारवण, मग फवारणी, हा क्रम ग्रामसभेतच ठरू शकेल.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात प्रश्न निराळा. विहिरी खारट, म्हणून गोडे पाणी रांजणांत व टाक्यांत साठवावे लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, असे आपण सांगतो. जेथे घागरभर पाणी मोलाचे, तेथे हा उपदेश कोण ऐकणार? तेथे झाकण, फडके आणि मोठ्या टाक्यांत गप्पी मासे, हेच उपाय चालतील.

इथिओपियातील तिग्राई भागात १९९० च्या दशकात गावातल्याच मातांना प्रशिक्षण देण्यात आले. त्यांनी शेजारणींना मुलाचा ताप ओळखून घरीच औषध देण्यास शिकविले. पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू सुमारे ४० टक्क्यांनी घटले. आपल्याकडे रक्ततपासणीची सोय असल्याने तपासणीविना गोळी देण्याचे कारण नाही. मात्र कोरकू भाषेत चार शब्द समजावून सांगणारी आशाताई घराशेजारीच असते, हे आपलेही बळ आहे. व्हायवॅक्स प्रकारच्या तापात प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि पुडी आढ्याला खोचली जाते. ती पुरी झाली की नाही, हे पाहणे तिच्याइतके कोणालाच जमणार नाही.

गुरुजनांना एकच विनंती. तापाने गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव त्याच दिवशी आशाताईला कळवावे. आणि कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे होळीला गावी परततात, तेव्हा सदस्यांनी त्यांची यादी करून तापाच्या रुग्णांची रक्ततपासणी पावसाळ्याआधीच करवून घ्यावी.