चहा-चपाती आणि अंगी न लागणारं लोह



आपल्याकडे कितीतरी घरांत सकाळची न्याहारी म्हणजे चहा-चपाती. घरातल्या बाईची तर बहुधा तीच. सगळ्यांचे डबे भरून झाले की उभ्या-उभ्या खाल्लेली. पोट भरतं, पण चपातीतलं बरंचसं लोह तिच्या रक्तापर्यंत पोचतच नाही. चहातली तुरट द्रव्यं त्याला पोटातच बांधून टाकतात.

मटण-मासळीत जे रक्तातल्या लाल रंगद्रव्याचं लोह असतं, त्याच्यावर चहाचा परिणाम कमी होतो. भाकरी, उसळ, पालेभाजी यांतलं लोह मात्र सोबत काय खाल्लं यावर अवलंबून असतं. 1975 साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी भात आणि बटाटा-कांद्याचं सूप असं साधं जेवण देऊन हे मोजलं. एरवी जवळपास 11 टक्के लोह शोषलं गेलं, चहा घेतल्यावर जेमतेम अडीच टक्के.

‘मी जेवताना नाही, जेवणानंतर घेते चहा,’ असं बायका मला सांगतात. पण 1983 साली कॉफीवर झालेल्या एका प्रयोगात जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने काही बिघडलं नाही. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने मात्र जेवतानाच्या कॉफीइतकंच लोह अडवलं. तासाभरात सगळं जेवण पोटातून पुढे सरकलेलं नसतं. तेव्हा चहाही तासभर आधी घ्या, नाहीतर जेवणानंतर निदान दोन तास थांबा.

आता लोहाला मदत करणारी गोष्ट: लिंबू. त्यातलं क जीवनसत्त्व लोह विरघळलेलं ठेवतं आणि शोषता येईल अशा रूपात आणतं. ते उष्णतेने नासतं, म्हणून लिंबू कढईत नको, ताटात पिळा. आवळा, पेरू यांचंही काम तेच. बाजरी आणि कडधान्यांत लोह भरपूर, पण फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं. मटकीला मोड आणले, नाचणीचं पीठ आंबवून आंबील केलं, की फायटेट कमी होतं. आपल्या आज्यांनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. भाकरीबरोबरचा कांदाही वाया जात नाही. कांदा-लसणामुळे धान्यातलं लोह अधिक मोकळं होतं, असं म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या प्रयोगांत 2010 साली दिसलं.

आशा स्वयंसेविकेने दिलेली लोहाची गोळी दुधाबरोबर घेऊ नका. दुधातलं कॅल्शियम तिच्या आड येतं. चहाबरोबर तर नकोच. लिंबूपाण्याबरोबर घ्या.

2019 ते 21 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणून एक विनंती करते. आज रात्री लिंबाच्या फोडी कराल, तेव्हा घरात जी सगळ्यांच्या शेवटी जेवते, तिच्यासाठी एक फोड आधीच बाजूला काढून ठेवा.