समित्या चौदा, माणसं सहा
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज जेवणानंतर आपल्या माजी विद्यार्थी मंडळाची कार्यकारिणी निवडायची आहे. त्याआधी संघटनेच्या कामाबद्दल कुणीतरी चार शब्द सांगावेत असं संयोजकांना वाटलं आणि माझं नाव निघालं. मी पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात आहे आणि आमच्या व्यावसायिक संघटनेत बारा वर्षं या ना त्या समितीवर आहे, एवढीच माझी पात्रता. जीवशास्त्राच्या वहीतल्या झुरळाच्या आकृतीला मला कधी पूर्ण गुण मिळाले नाहीत. पुढे पोट मात्र त्याच झुरळावर चाललं. बाई समोर बसल्या आहेत म्हणून सांगून टाकलं.

आमच्या संघटनेत दोन तऱ्हेचे सभासद आहेत. काहींच्या कंपन्या मोठ्या, शेकडो कामगार, विमानतळ आणि औषध कारखान्यांची कंत्राटं. बाकीचे म्हणजे एक व्हॅन, दोन मुलं आणि मालकाच्या खिशात मोबाइल. १९६८च्या कीटकनाशक कायद्यानं आणि १९७१च्या नियमांनी दोघांनाही परवाना लागतो. विषारी वायूची धुरी द्यायची तर परवाना मागणाऱ्याकडे शेतकीची किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी हवी, शिवाय किमान पंधरा दिवसांचं प्रशिक्षण झालेलं हवं. पण परवाना मालकाच्या भिंतीवर आणि पंप मुलाच्या पाठीवर, अशी आमची खरी परिस्थिती. संघटनेचं बरंचसं काम या दोहोंमधल्या अंतराचं आहे.

मी आलो तेव्हा संघटनेच्या लेटरहेडवर चौदा समित्या छापलेल्या होत्या. तांत्रिक, प्रशिक्षण, शिस्तपालन, सभासदवाढ, परिषद, आणि ‘समन्वय समिती’ नावाची एक, जी कशाचा समन्वय करते ते तिच्या निमंत्रकालाही सांगता यायचं नाही. चौदाही ठिकाणी काम करणारी माणसं तीच सहा. वार्षिक सभेला गणसंख्या कधीच भरली नाही. सभा तहकूब, अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सुरू, मग गणसंख्येची अट नाही. आपल्यापैकी जे गृहनिर्माण सोसायटीत राहतात त्यांना हे नाटक पाठ आहे. रात्रीच्या जेवणाला मात्र हॉल भरायचा, कारण जेवण औषध कंपन्यांकडून असे.

सभासद उदासीन आहेत, असं आम्ही सहाजण एकमेकांना सांगत असू. मग एका वर्षी एका नव्या सहकाऱ्यानं फोन करून साध्या चौकशा केल्या: का येत नाही? सगळ्यांत जास्त आलेलं उत्तर ऐकून आम्ही गप्प बसलो. सभा रविवारी सकाळी असायची. मोठ्या कंपनीच्या मालकाला रविवार मोकळा. एका व्हॅनवाल्याचा धंदा रविवारीच, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक घरी असतं आणि स्वयंपाकघर रिकामं करून द्यायला तयार असतं. कार्यालयांची कामं शनिवारी संध्याकाळी, हॉटेलांची मध्यरात्री गल्ला बंद झाल्यावर. मोकळा वेळ म्हणजे मंगळवार-बुधवारची दुपार. सभा मंगळवारी दोन वाजता ठेवली आणि पहिल्याच खेपेला खुर्च्या कमी पडल्या. अर्थात पुढच्या खेपेला पुन्हा काही उरल्या, फार हुरळून जाण्यासारखं नव्हतं.

वेळेखेरीज दुसरं एक कारण होतं, ते कुणी फोनवर बोललं नाही. शेजारच्या खुर्चीवर बसणारा माणूस आपला स्पर्धक असतो. आपण कुठलं औषध किती पातळ करतो, सोसायटीला काय दर लावतो, हे त्याच्यासमोर कशाला बोला? वाळवीचं क्लोरपायरीफॉस वीस टक्के असेल तर एक लिटरला एकोणीस लिटर पाणी, हे प्रमाण सगळ्यांना माहीत आहे. सर्वांत कमी दराची निविदा भरून वर दहा वर्षांची हमी लिहून देणारा माणूस टाकीत किती पाणी ओततो, हेही सगळ्यांना माहीत आहे. सभेत यावर शांतता असते. एखाद्या संघटनेत कशावर शांतता असते ते बघितलं की तिची तब्येत कळते, असं माझं मत झालं आहे.

पण न येण्याची किंमत पडते. डायक्लोरव्हॉस, म्हणजे तुमच्या ओळखीचं ‘नुवान’, हे आमच्यातल्या कित्येकांचं रोजचं औषध होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारनं आदेश काढला की ३१ डिसेंबर २०२० पासून ते बंद. मध्ये दोन वर्षांहून अधिक काळ होता. तांत्रिक समितीनं पत्रकं काढली, पर्याय सुचवले, जेलचं आणि आमिषाचं तंत्र शिकवायला वर्ग ठेवले. तरी कित्येकांना बातमी कळली ती दुकानदारानं ‘आता माल येणार नाही’ म्हटलं तेव्हा.

आता ज्या कामामुळे माझा समित्यांवर थोडाफार विश्वास बसला, ते सांगतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तुम्ही ऐकल्या असतील, धान्यात ठेवतात त्या. तीन ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्यानं फुटते आणि एक ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. डब्यावर लाल त्रिकोण, म्हणजे विषाची सर्वांत वरची पायरी. या वायूवर उतारा नाही. गोदामात पोत्यांच्या थप्पीवर जाड प्लास्टिक ओढून, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबून, माणसं लांब ठेवून वापरायची ही वस्तू. कायद्यानं ती सामान्य माणसाला विकायचीच नाही. आणि ती लोकांच्या बेडरूममध्ये ढेकणांसाठी ठेवली जाते. घरचे लोक गावाला जातात, वायू भिंतीच्या भेगेतून, बाथरूमच्या शाफ्टमधून शेजारी जातो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत. अशा बातम्या तुम्हीही वाचल्या आहेत.

अशाच एका बातमीनंतर आम्ही ठराव आणला: आमचा कुठलाही सभासद राहत्या इमारतीत ही गोळी ठेवणार नाही, ठेवली तर सभासदत्व रद्द. मला वाटलं होतं, दोन मिनिटांत टाळ्या वाजून मंजूर होईल. पाठीमागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. तालुक्याच्या गावी एका व्हॅनवर धंदा करणारे, सात-आठ वर्षं सभासद, तोंडातून कधी शब्द नाही. म्हणाले, “साहेब, ढेकणाला फवारणी म्हणजे मला दोन-तीन फेऱ्या, गादीची शिवण न् शिवण बघायची, पलंग खोलायचा. गिऱ्हाईक म्हणतं, एका रात्रीत संपवणारी गोळी ठेव. मी नाही म्हटलं की ते परवाना नसलेल्याला बोलावतं, तो निम्म्या पैशात ठेवतो. तुमचा ठराव मला गिऱ्हाइकाच्या दारात काय बोलायचं ते सांगत नाही.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. अध्यक्षांनी ठराव मताला टाकायची घाई केली नाही, हे त्यांचं मोठेपण. त्या गृहस्थांनाच समितीवर घेतलं आणि एकच काम दिलं: दारात काय बोलायचं ते तुम्हीच लिहा. आम्ही तज्ज्ञांनी अकरा पानांची मार्गदर्शिका तयार केली होती, तक्त्यांसकट. त्यांनी एक पान आणलं. सुरुवातच अशी होती की ‘ताई, ढेकूण मरेल, पण शेजारच्यांचं काय, ते मी कुणालाच लिहून देऊ शकत नाही.’ पुढे फवारणीला फेऱ्या का लागतात, अंडी मागाहून कशी फुटतात, गादी उन्हात कशी टाकायची, सगळं घरगुती भाषेत. आमची अकरा पानं कपाटात आहेत. ते पान सभासदांच्या व्हॅनमध्ये आहे.

पुढच्या सभेत ठराव मंजूर झाला, एकमतानं नव्हे. काहींनी राजीनामे दिले. त्यातला एक माझा जुना मित्र होता, आता बोलत नाही. आणि हेही सांगायला हवं की जे संघटनेत नाहीतच त्यांना हा ठराव लागू नाही. गोळी अजून मिळते, अजून ठेवली जाते. त्या गृहस्थांची काही गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. पण त्यानंतर त्यांच्या तालुक्यातले आणखी तिघे सभासद झाले आणि पंप मारणाऱ्या मुलांचे वर्ग त्यांनीच आपल्या गावात भरवले. त्रिकोणाचे रंग ओळखणं हा पहिला धडा: लाल, पिवळा, निळा, हिरवा. मालक एका बाजूला, मुलं एका बाजूला, शिकवणारे मराठीत. मी एका वर्गाला गेलो होतो. चार वर्षं पंप मारणाऱ्या एका मुलानं तिथे विचारलं, की हातमोजे आतून ओले झाले तर काय करायचं. तोवर हा प्रश्न त्यानं कुणाला विचारला नव्हता, कारण विचारायला जागाच नव्हती.

आपल्या मंडळाबद्दल मला फारसं बोलायचं नाही. व्हॉट्सॲपच्या गटावर आपल्याकडे हात जोडणारे आणि अंगठे दाखवणारे पुष्कळ आहेत. ‘सल्लागार’, ‘संपर्क’, ‘समन्वय’ अशा समित्या आज करू नयेत, अशी माझी विनंती आहे. ज्याला काम सांगता येत नाही त्याला पद देऊ नये. आणि बैठक कधी ठेवायची हे पुण्या-मुंबईहून गाडी घेऊन येणाऱ्यांनी ठरवू नये, इथे गावात दुकान चालवणाऱ्या आपल्या मित्रांना विचारावं.

एक काम मी बरोबर आणलं आहे. काल मुख्याध्यापिकाबाईंनी वाचनालय दाखवलं. उत्तरेच्या भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या खिडकीच्या चौकटीपर्यंत चढल्या आहेत, खालच्या खणातली पुस्तकं आतून पोकळ झाली आहेत. भिंतीलगत फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध भरायचं आणि सिमेंटनं बुजवायचं, ते माझी मुलं करतील, खर्चाची चिंता नको. पण आधी पुस्तकं काढून कपाटं भिंतीपासून सरकवायला सहा माणसं लागतील, एक पूर्ण दिवस. नंतर पुस्तकं दाखल-क्रमांकानं परत लावायला दोघं, शक्यतो चष्मा घेऊन येणारी. दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकामी असते. दाराजवळच्या टेबलावर कागद ठेवला आहे, त्यावर नाव, मोबाइल आणि कुठला दिवस जमणार नाही तेवढं लिहा.