वाळूतली अंडी आणि खडकावरचा दिवा



परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. सरळ रेषेत मोजलं तरी तो आपल्यापासून चारशे किलोमीटर लांब. म्हणून दीपगृह हा शब्द आपली मुलं भूगोलाच्या पुस्तकात वाचतात, चित्र पाहतात, आणि पान उलटतात. दिव्याचा खांब आपल्याला ठाऊक आहे तो देवळापुढच्या दीपमाळेचा. त्रिपुरी पौर्णिमेला पणत्या लागल्या की दोन कोसांवरच्या मळ्यातूनही कळतं, अमुक गाव तिकडे आहे. आमच्या जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जुन्या मंदिरांच्या परिसरात एक उंच दगडी स्तंभ उभा आहे. त्याच्याजवळ उभं राहून मान वर केली, म्हणजे दीपगृह म्हणजे काय हे मुलांना अर्धं समजतं. उरलेलं अर्धं समजायला मात्र कोकणात उतरावं लागतं.

आज मी सांगणार आहे ते अशाच एका आडवाटेच्या प्रवासाविषयी. पण त्याची सुरुवात कोकणात नाही, गोदावरीच्या वाळवंटात आहे.

मी शाळेत शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. शाळा नदीकाठची. चैत्राचे दिवस, ऊन असं की पायाखालची वाळू पोळते. एके दिवशी सहावीतला एक मुलगा टोपीत काहीतरी जपून घेऊन आला. टोपी उघडली तर तीन अंडी. वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. म्हणाला, "गुरुजी, वाळूत उघड्यावरच पडली होती." मी त्याची पाठ थोपटली. वर्गापुढे त्याचं कौतुक केलं. अंडी कापसात ठेवून विज्ञानाच्या कपाटात मांडली आणि खाली चिठ्ठी लावली, 'टिटवीची अंडी'. पंधरा दिवसांनी कपाटातून वास येऊ लागला तेव्हा ती फेकून दिली.

ती टिटवीची नव्हती. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ती नदी सुरयाची होती. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा, आणि माझी ही शाबासकी त्यानंतरची. रानातल्या पाखराची अंडी उचलणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे, हे शिकवणाऱ्यालाच माहीत नव्हतं!

नदी सुरय तुम्ही नक्की पाहिला असेल, नाव ठाऊक नसेल इतकंच. कबुतराहून सडसडीत, राखी पाठ, उन्हाळ्यात डोक्यावर काळी टोपी, पिवळीधमक चोच, आणि शेपटी दुभंगलेली. पाण्यावर घिरट्या घालतो, एकाएकी खाली कोसळतो आणि मासोळी घेऊन वर येतो. घरटं म्हणाल तर काडी नाही की गवत नाही. उघड्या वाळूत छातीने एक उथळ खळगा करायचा, त्यात दोन-तीन अंडी घालायची. फाल्गुन ते वैशाख हा त्याचा हंगाम. दुपारी वाळू तापली की मादी-नर पाण्यावर जाऊन पोट भिजवतात आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतात. उबवणं कसलं, खरं म्हणजे अंडी थंड ठेवणंच ते! पाखरू उठवलं आणि आपण तिथेच गप्पा मारत उभे राहिलो, तर ती अंडी उन्हात शिजून जातात. हात लावायचीसुद्धा गरज नाही.

आता ही गोष्ट मनात ठेवा, आणि माझ्याबरोबर कोकणात चला.

परभणीहून आगगाडीने कोल्हापूर गाठावं. तिथून एस. टी. आंबोलीचा घाट उतरते, सावंतवाडी लागते, आणि पुढे वेंगुर्लं. सतराव्या शतकात इथे डच लोकांची वखार होती, तिचे पडके अवशेष आजही आहेत. लोक वेंगुर्ल्याला काजू आणि आंब्यासाठी जातात. आम्ही दोघे-तिघे शिक्षक गेलो ते समुद्रातल्या खडकांसाठी. किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर आत, अरबी समुद्रात खडकांचा एक पुंजका वर आला आहे. नकाशात त्याला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. निवतीच्या बाजूचे लोक निवती रॉक म्हणतात. त्यातल्या मोठ्या खडकावर इंग्रजी अमदानीपासून दीपगृह आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दीपगृहं पुष्कळ आहेत. मुंबईला कुलाब्याच्या टोकाशी प्राँग्सचं दीपगृह १८७५ सालचं. खांदेरीच्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ साली किल्ला बांधायला घेतला, आणि त्याच बेटावर १८६७ मध्ये इंग्रजांनी दिवा लावला. तेव्हा तिथे गेलेल्या शिक्षकाला इतिहास आणि भूगोल एकाच दगडावर शिकवता येतो. रत्नागिरीला, जयगडला, देवगडला दीपगृहं आहेत ती जमिनीवर, तिथे चालत जाता येतं. मुलांची सहल न्यायची तर तीच न्यावी. वेंगुर्ल्याच्या खडकाची गोष्ट निराळी.

दीपगृहाचं मर्म काय, तर उंची आणि भिंग. पृथ्वी गोल असल्यामुळे समुद्रसपाटीपासून तीस मीटर उंच असलेला दिवा पाण्याच्या पातळीवरून सुमारे वीस किलोमीटरपर्यंतच दिसू शकतो. दिवा कितीही मोठा करा, त्यापुढे तो पाण्याच्या फुगवट्याआड जातो. लांबून दिसायचा तर दिवा उंच हवा, नाहीतर बघणारा तरी उंच डेकवर हवा. हा हिशेब फळ्यावर वर्तुळ काढून सातवीच्या मुलालाही समजावता येतो. दुसरी गोष्ट भिंगाची. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने एकच जाड भिंग घेण्याऐवजी काचेच्या पातळ कड्या एकात एक बसवल्या आणि चहूकडे विखुरणारा उजेड एका पट्ट्यात गोळा केला. त्याचं भिंग १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआं दीपगृहावर प्रथम लागलं, आणि मग जगभर गेलं. तिसरी गंमत अशी की प्रत्येक दिव्याची उघडझाप ठरलेली असते. कोणी अमुक सेकंदांत एकदा लुकलुकतो, कोणी दोनदा. खलाशी घड्याळ लावून मोजतो, हातातल्या यादीत पाहतो आणि म्हणतो, हा जयगड, हा देवगड. आपल्याकडे नाही का, मोटेच्या कुरकुरीवरून जुनी माणसं सांगत, ही कोणाची विहीर!

आम्ही निवतीच्या बाजूने एका कोळ्याच्या होडीतून निघालो. महिना एप्रिलचा. पावसाळ्यात तिकडे जायचं नावही काढू नये, होड्याच किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. पूर्वी दीपगृहावर माणसं राहत, तेव्हा त्यांना पाणी, धान्य, तेल सगळं किनाऱ्यावरून न्यावं लागे, आणि समुद्र खवळला की आहे त्यात दिवस काढावे लागत. जमिनीवरच्या आम्हा लोकांना एका तासाच्या हेलकाव्यातच ते आयुष्य कसं असेल याची कल्पना आली. आमचे एक सोबती गणिताचे. निघताना ते होडीचा वेग आणि अंतर यांचा हिशेब सांगत होते. अर्ध्या वाटेत त्यांनी हिशेब सोडला आणि होडीची कड धरली.

खडकापाशी पोचलो, पण उतरलो नाही. लाट दगडावर अशी चढत होती की होडीवाला म्हणाला, "नाही गुरुजी, आज पाय लावायचा नाही." शिवाय दीपगृहाच्या जागेत शिरायचं तर सरकारी परवानगी लागते, हेही ऐकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आम्ही खडकाभोवती फेरी घातली. वर पांढरे-काळे पक्षी उठले, कलकलाट झाला. तेही सुरयच, पण समुद्रावरचे. पाठीने काळपट, कपाळावरून डोळ्यामागे गेलेली पांढरी पट्टी, असा एक सुरय तिथे आहे. तो सारं वर्ष खुल्या समुद्रावर काढतो, आणि जमिनीला पाय लावतो तो अंडी घालण्यापुरता, अशाच निर्जन खडकांवर. स्वातंत्र्यापूर्वीच हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात लिहून ठेवलं आहे.

त्या पाकोळ्यांसाठीच तर आम्ही गेलो होतो. खडकाच्या पोटात गुहा आहेत, आणि त्यांच्या तोंडातून चिमणीपेक्षाही लहान, काळपट पाखरं बाणासारखी आत-बाहेर करत होती. या पाकोळीची दोन वैशिष्ट्यं. एक, ती गुहेतल्या गडद अंधारात उडते. तोंडाने टिकटिक असा आवाज करते आणि भिंतीवरून परतणाऱ्या त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. वटवाघळाचा आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही, हिचा येतो. दुसरं, ती घरटं बांधते ते आपल्या लाळेने. त्यात शेवाळ, पिसं मिसळते, आणि हे वाटीएवढं घरटं कातळाला चिकटवते. त्या लाळेतच तिचं दुर्दैव आहे. पूर्वेकडच्या देशांत अशा घरट्यांचं सूप करून पितात आणि त्याला मोठी किंमत येते. म्हणून या खडकांवर चोरून माणसं जात, गुहांतून परात्या बांधत आणि घरटी खरवडून आणत. अंडी असोत की पिल्लं, खाली समुद्रात. पाखरू पुन्हा लाळ गाळून नवं घरटं बांधी, तेही पुन्हा काढलं जाई.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला ही चोरी उघडकीला आणली आणि वनखात्याला बरोबर घेऊन पहारे ठेवले. पुढे या पाकोळीला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, जागा मिळाली. मला त्यातलं विशेष वाटतं ते हे की चिपळूणची माणसं वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या पाखरासाठी धावली.

दीपगृह आणि पाखरं यांचा संबंध जुना आहे. रात्री स्थलांतर करणारे पक्षी धुक्यात किंवा ढगाळ हवेत दिव्याच्या झोताभोवती भरकटतात, काचेवर आपटून मरतात. पण त्याच दिव्यांनी पक्ष्यांच्या वाटाही शिकवल्या. विल्यम ईगल क्लार्क नावाचा एक अभ्यासक १९०१ सालच्या शरद ऋतूत इंग्लंडजवळच्या एडिस्टन दीपगृहावर महिनाभर राहिला, केवळ रात्रीचे पक्षी मोजायला. भोवती समुद्र, आणि काम काय, तर अंधारातून कोण आलं ते लिहून ठेवायचं. मला हा माणूस फार आवडतो.

होडी परत वळली तेव्हा ते सुरय बराच वेळ आमच्या डोक्यावर ओरडत आले. आणि मला एकदम ती टोपी आठवली. गोदावरीवरचे सुरयसुद्धा त्या मुलाच्या डोक्यावर असेच ओरडले असणार. तो लहान होता, त्याला वाटलं असेल पाखरं खेळतात. सोबत्यांना मी काही बोललो नाही.

परत आल्यावर मी उलटा प्रवास सुरू केला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. थंडीत येलदरीच्या जलाशयाच्या काठी दुर्बीण घेऊन बसावं. तिथे भगव्या अंगाची चक्रवाकाची जोडी दिसते, आणि नशीब असेल तर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब, हिमालय ओलांडून आलेले. दुर्बीण नसली तरी बिघडत नाही. वही मात्र हवी. नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' शाळेच्या कपाटात असावा, ज्या कपाटात मी ती अंडी ठेवली होती तिथेच.

पण गोदावरीचं सांगायचं तर जीव तुटतो. सुरयाला लागते ती चहूबाजूंनी पाणी असलेली, कोरडी, उघडी वाळू. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या पट्ट्यात वाळूचे ट्रॅक्टर आणि हायवा रात्रंदिवस नदीत उतरलेले कोणी पाहिले नाहीत? सुरयाचा हंगाम तोच, कारण नदी उघडी पडते ती तेव्हाच. ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, डिग्रस असे बंधारे झाले, शेताला पाणी झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण वाळूचे उंचवटे काही पाण्याखाली गेले, आणि उन्हाळ्यात मध्येच पाणी सोडलं की उरलेल्या वाळूवरचे खळगे धुऊन जातात. नदी सुरयाचं नाव आता जगातल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. वेंगुर्ल्याच्या घरट्यांना सुपाची किंमत होती म्हणून चोर तरी दिसला. इथे अंडी कोणाला नकोच आहेत, हवी आहे ती वाळू.

शिक्षकमित्रांना एक सुचवतो. मार्चच्या शेवटी वर्ग नदीवर न्या, पण वाळूत उतरवू नका. काठावरच, शे-दोनशे पावलांवर बसा, सकाळी आठच्या आत. मुलांना मोजू द्या, किती पाखरं वाळूवर नुसती बसून आहेत. बसलेलं पाखरू म्हणजे घरटं. तारीख, जागा, आकडा वहीत लिहा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा जा.

टोपीत अंडी आणणारा तो मुलगा आता चाळिशी ओलांडलेला शेतकरी आहे. त्याचं शेत नदीला लागून आहे. मी त्याला सारी हकिकत सांगितली तेव्हा तो हसला, म्हणाला, "तुम्हीच तर शाबास म्हणाला होतात." गेल्या उन्हाळ्यात त्याचा निरोप आला, सुरय बसलेत, या. आम्ही दोघे बाभळीखाली बसून मोजत होतो. वाळूच्या या टोकाला तीन पाखरं बसलेली होती. पलीकडच्या टोकाला ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पाण्यापर्यंत आल्या होत्या. "रात्री आला तर मी उठतो," तो म्हणाला. त्या पंधरवड्यात तो किती रात्री उठला ते मी विचारलं नाही. बाविसाव्या दिवशी त्याने फोन करून सांगितलं, एक पिल्लू पाण्याकडे पळताना दिसलं.